जलरंगाचा वॉश देताना कागदाचा ओलावा कसा ओळखावा

जलरंगातले आकाश बिघडते ते बहुधा रंगाच्या निवडीमुळे नव्हे, तर कागद किती ओला आहे हे न पाहता त्यावर ब्रश टेकवल्यामुळे. म्हणून वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, देताना कागद टेपने चिकटवलेला बोर्ड मधूनमधून डोळ्यांच्या पातळीला आणावा आणि खिडकीच्या तिरक्या उजेडात कागदाची चकाकी पाहावी.

नुकतेच पाणी लावलेला कागद लखलखतो. त्यावर सोडलेला रंग वाटेल तिकडे वाहतो आणि वाळल्यावर बराच फिका पडतो. पाणी तंतूंमध्ये मुरू लागले की चकाकी मंदावते आणि कागदाचा पोत दिसू लागतो. ढगांच्या मऊ कडा याच वेळी काढाव्यात. चकाकी पूर्ण गेली, पण बोटांची मागची बाजू कोपऱ्याला लावल्यावर कागद गार लागतो, ही अवस्था सर्वांत फसवी असते, कारण वरून कोरडा दिसणारा कागद आतून दमटच असतो. अशा वेळी ब्रश खाली ठेवणे हेच उत्तम.

अर्धवट वाळलेल्या वॉशवर कागदापेक्षा अधिक ओला ब्रश टेकला, तर जास्तीचे पाणी पसरताना तिथला रंग कडेला ढकलते आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. त्यामुळे कागद जसजसा वाळेल तसतसा रंग दाट आणि पाणी कमी घ्यावे. ब्रशमध्ये रंग भरल्यावर त्याचे टोक न पुसता केसांची मुळाकडची बाजू जुन्या सुती कापडाला टेकवावी. पाणी कापड ओढून घेते आणि टोकाशी रंग टिकतो. ही सवय महागड्या ब्रशपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सपाट, म्हणजे सगळीकडे एकसारख्या रंगाच्या, वॉशसाठी कागद कोरडा असला तरी चालतो. बोर्डाला 10 ते 15 अंशांचा उतार द्यावा आणि प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला साचणारा रंगीत पाण्याचा थर पुढच्या पट्ट्यात ओढत न्यावा. शेवटी टेपपाशी साचलेले पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यावे, नाहीतर तेच उलटे चढून वॉशमध्ये शिरते. छताचा पंखा मात्र बंदच ठेवावा. त्याच्या वाऱ्याने कडा आधी वाळतात आणि मध्यभाग ओला राहतो.

कागद 300 जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) आणि शक्यतो कापसाचा घ्यावा. तो पाणी जास्त वेळ धरतो, शिवाय पातळ कागदाइतका फुगत नाही. फुगलेल्या कागदाच्या खोलगट भागांत रंग साचतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात वॉश वाळायला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, तेव्हा घड्याळाचा अंदाज सोडून चकाकीवरच विसंबावे. याच दिवसांत कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, कारण सतत दमट राहिलेल्या कागदावरील जिलेटिनचे सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषले जाऊ नये म्हणून दिलेला लेप, खराब होते आणि मग वॉश कितीही काळजीने दिला तरी जागोजागी रंग शोषला जाऊन गडद ठिपके पडतात.