आरोग्यासाठी मशीन लर्निंग शिकायचंय? नांदेडच्या फोटोंपासून सुरुवात करा

"आरोग्यक्षेत्रात मशीन लर्निंग करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणाऱ्या मुलामुलींना मी नांदेडचं नाव सांगते. तिथल्या एका नेत्र दवाखान्यात काढलेल्या रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, ५१६ फोटोंचा 'इड्रिड' नावाचा संच २०१८ पासून अभ्यासकांना खुला आहे. नांदेडच्याच श्री गुरु गोविंदसिंगजी इंजिनीअरिंग संस्थेतल्या संशोधकांनी तो उभा केला. मधुमेहामुळे रेटिनाला होणाऱ्या आजाराची ० (आजार नाही) ते ४ (सर्वांत गंभीर) अशी श्रेणी प्रत्येक फोटोला दिलेली आहे.

मधुमेहाने रेटिना खराब होऊ लागतो तेव्हा रुग्णाला काहीच जाणवत नाही. दिसायला कमी झाल्यावर डॉक्टरांकडे जावं, तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. डोळ्यांचे डॉक्टर शहरात आणि रुग्ण खेड्यात. म्हणून फोटो गावातच काढायचा, संगणकाने चाळायचा आणि गरज असेल त्यालाच शहरात पाठवायचं, यासाठी हा सगळा खटाटोप.

मॉडेल, म्हणजे फोटोंवरून आजार ओळखायला शिकणारा प्रोग्राम, चालवण्याआधी फोटो मोठे करून नीट बघा. श्रेणी १ ची खूण म्हणजे बारीकसा लाल ठिपका, केशवाहिनीला आलेला फुगवटा. मूळ फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा. ट्युटोरियलमध्ये दाखवतात तसा तो २२४ बाय २२४ केलात, तर ठिपका जवळपास पुसलाच जातो. मग मॉडेल शिकणार काय? शक्य असेल तर एखाद्या नेत्रतज्ज्ञाशेजारी बसून दहा-वीस फोटो पाहा. एकाच फोटोवर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडतं, हेही तिथेच कळतं. गूगलच्या २०१६ च्या अभ्यासात म्हणूनच एकेक फोटो तीन ते सात वेळा तपासून घेतला होता.

मॉडेलला शिकवायचे (प्रशिक्षण) आणि त्याची परीक्षा घ्यायचे (चाचणी) फोटो वेगळे ठेवावे लागतात; संच असा विभागताना माणसागणिक विभागा. एकाच व्यक्तीचा डावा डोळा प्रशिक्षणात आणि उजवा चाचणीत गेला, तर निकाल फुगतो. नुसत्या अचूकतेवरही जाऊ नका. शंभरात दहा आजारी असतील, तर सगळ्यांना 'ठणठणीत' म्हणणारं मॉडेलही ९० टक्के बरोबर ठरतं, आणि ते दहा जण घरी जातात.

एकदा तरी तपासणी शिबिरात जा, हा माझा आग्रह आहे. खोलीत पुरेसा अंधार नसतो, आजोबांची बाहुली लहान असते, त्यात मोतीबिंदू. तंत्रज्ञ सांगत असतात, "आजोबा, दिव्याकडे बघा, पापणी मिटू नका," तरी फोटो धूसर येतो. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलची प्रणाली वापरली गेली तेव्हा जवळपास पाचवा हिस्सा फोटो तिने नाकारले. २०२० चा तो शोधनिबंध आवर्जून वाचा. प्रणालीने फोटो नाकारला की रुग्णाला पुन्हा दुसरीकडे जायला सांगावं लागायचं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडण्याची भीती. 'फोटो परत काढा' हे मॉडेलने रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच सांगायला हवं.

रुग्णांचा डेटा घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे लवकर अर्ज करा. मंजुरीला वेळ लागतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ ची एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचून ठेवा.

इंटर्नशिपसाठी मला मेल पाठवणार असाल, तर तुमच्या मॉडेलने चुकवलेले पाच फोटो आणि ते का चुकले याबद्दलचा तुमचा अंदाज सोबत जोडा. मी तेच आधी उघडते.