गेमवरून मुलांची कार्टून सिरीज करताय? मग आधी या चुका टाळा

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, स्टोरीबोर्ड करते, म्हणजे सीन चित्रांमध्ये मांडते, मुलांसाठी स्क्रिप्ट लिहिते आणि रविवारी घरी पाच-सहा जण शिकायला येतात. त्यांच्या वह्यांमध्ये आणि बाहेरून वाचायला येणाऱ्या पिचमध्ये, म्हणजे सिरीजच्या प्रस्तावांमध्ये, त्याच त्या चुका इतक्या वेळा बघितल्यात की आता एकदा लिहूनच टाकते. प्रत्येकाला वाटतं गेम हिट आहे, कॅरेक्टर तयार आहे, दुनिया तयार आहे, मग राहिलंय काय, नुसतं हलवायचं. तसं नसतं हो, आणि हे कळेपर्यंत पैसे पण गेलेले असतात आणि टीम पण थकलेली असते.

लेव्हल म्हणजे एपिसोड नाही

हिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलीय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मोबाइल गेमचं काम आलं. उत्तरायणातला गेम होता, एक खार अगाशीवरून अगाशीवर पळते, मांजा चुकवायचा, तिळाच्या लाडवांसारखी नाणी गोळा करायची आणि शेवटी एक भलीमोठी घार. खेळायला खरंच छान होता, मी पण खेळायचे. कंपनीचं म्हणणं, गेममध्ये आहे तसंच ठेवा, पोरांना तेच आवडतंय. आम्हालाही घाई होती, चॅनलला दाखवायची तारीख ठरली होती, म्हणून 11 मिनिटांचे तीन एपिसोड सरळ तीन लेव्हलवरून लिहून काढले आणि पहिल्याचं ॲनिमॅटिक बनवलं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं टायमिंगप्रमाणे लावून वर कच्चे आवाज टाकले. ऑफिसात सगळ्यांना आवडलं.

मग मी ते घरी आणलं आणि वाड्यातल्या सात मुलांना टॅबवर दाखवलं. पहिली दोन मिनिटं शांतता. मग माझा सहा वर्षांचा भाचा हळूच पुढे सरकला आणि स्क्रीनवर बोट वर ओढायला लागला, कारण समोरून मांजा येत होता आणि खार उडी मारत नव्हती. एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा ॲनिमॅटिक पॉज झालं. मी म्हटलं अरे हे नुसतं बघायचंय. तर म्हणाला, "मग मी काय करू, मावशी?" आणि तेवढ्यात शेजारच्या मुलीने विचारलं, "आ केम भागे छे?" ही पळतेय का? मला सांगता येईना. गेममध्ये खार पळते कारण पोराचं बोट तिला पळवतं, बोट काढून घेतलं की तिच्याकडे पळायला काही कारणच उरत नाही, आणि आम्ही 11 मिनिटं तिला नुसतं पळवत होतो. चौथ्या मिनिटाला तिघं उठून ओट्यावर खेळायला गेली.

तिन्ही स्क्रिप्ट बाजूला ठेवल्या. पाच आठवडे गेले, कंपनीशी भांडणही झालं, पण त्या मुलीचा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत एकही सीन लिहायचा नाही असं ठरवलं. शेवटी सापडलं ते असं की खारीला कोणाला नाही म्हणताच येत नाही. आजीला चिक्की आणून देते, मित्राची फिरकी धरते, पिलाला पतंग उडवायला शिकवते, सगळ्यांना हो, आणि सगळं एकाच वेळी. म्हणून ती पळते. अगाश्या त्याच, मांजा तोच, घारही तीच, गेमचं काहीही टाकावं लागलं नाही, पण आता प्रत्येक उडीमागे कोणीतरी तिची वाट बघत होतं. परत दाखवलं तेव्हा भाच्याचे हात मांडीवर होते आणि तो खारीला ओरडून सांगत होता की आधी आजीकडे जा.

तेव्हापासून माझी सवय अशी की गेममध्ये हाताला जे काम आहे, पळणं, खाणं, उडी, फोडणं, ते एका कागदावर लिहायचं आणि विचारायचं, कुठल्या स्वभावाचा प्राणी हे दिवसभर करत बसेल. दुसरी सवय, कंट्रोलर खाली ठेवायचा आणि काहीही न करता हिरोकडे बघत बसायचं. 1991 च्या पहिल्या सॉनिकमध्ये, तो वेगाने पळणारा निळा प्राणी, तुम्ही त्याला उभं ठेवलंत की तो तुमच्याकडे बघून पाय आपटायला लागतो. वेगाचा गेम, आणि त्यातून आलेला उतावळा स्वभाव, सगळं त्या एका छोट्या हालचालीत आहे. ज्यांनी गेम केला त्यांनी कॅरेक्टरचा विचार केला असेल तर तो तिथे सापडतो, आणि तिथेही काही नसेल तर समजा की स्वभाव तुम्हालाच लिहायचाय.

पोकेमॉन बघा. गेम जपानात फेब्रुवारी 1996 मध्ये आला, सिरीज एप्रिल 1997 मध्ये. गेममध्ये तुम्ही तीन पोकेमॉनपैकी एक निवडता, निवड तुमची, मजा तुमची. टीव्हीसमोर बसलेल्या मुलाला निवडताच येत नाही, मग काय करायचं? सिरीजमधला ॲश पहिल्याच दिवशी उशिरा उठतो, तिन्ही गेलेले असतात, आणि हाती लागतो पिकाचू, जो त्याचं ऐकतच नाही. मुलाच्या हातातली निवड काढून घेतली आणि तिच्या जागी एक चूक आणि एक रुसवा ठेवला. हे इतकं चाललं की 1998 मध्ये पिकाचू मागे मागे चालतो असा गेमच काढला, म्हणजे गेमने सिरीजकडून घेतलं. आणि ॲश 2023 पर्यंत टिकला.

त्याहून जुनं उदाहरण पॅकमॅनचं, गेम 1980 चा, हॅना-बार्बेरा या अमेरिकन कंपनीचं कार्टून 1982 चं. आता एक पिवळा गोळा आणि ठिपके, यात काय गोष्ट करणार? त्यांनी त्याला बायको, बाळ आणि कुत्रा दिला आणि पॉवर पेलेट, म्हणजे ताकद देणाऱ्या मोठ्या गोळ्या, जिथे उगवतात असं जंगल केलं, भुतांना ते हवं, पॅकमॅनला ते सांभाळायचंय. फार खोल गोष्ट आहे असं मी म्हणत नाही, पण खाण्याच्या वस्तूला राखण्याची वस्तू केलं की भांडणाला कारण मिळतं, आणि हे चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना कळलं ते आजच्या पिचमध्ये का दिसत नाही याचं मला वाईट वाटतं.

शिकायला येणारे म्हणतात, "ताई, बायबल नंतर लिहू, आधी ट्रेलर करून टाकू." बायबल म्हणजे कॅरेक्टर, दुनिया आणि पुढचे एपिसोड सगळं लिहिलेलं सिरीजचं पुस्तक. गेमचेच सीन कापायचे, वर म्युझिक लावायचं, दोन दिवसांत ट्रेलर तयार. होतो तयार, छानही दिसतो. पण मग चॅनलवाला विचारतो की सतराव्या एपिसोडमध्ये काय होतं, आणि समोर सगळे गप्प. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही, कारण याने शिकणाऱ्यांना वाटायला लागतं की काम झालंय.

मुक्या हिरोला घाईने बोलतं करणं

गेममधले बरेच हिरो बोलत नाहीत, कारण ती जागा खेळणाऱ्याची असते. सिरीजमध्ये आला की लोक घाबरून त्याला बडबड्या करतात. 1989 मध्ये झेल्डा या गेमची 13 एपिसोडची अमेरिकन सिरीज आली, त्यात हिरो लिंकच्या तोंडी एक ठरलेलं वाक्य इतक्या वेळा दिलं की गेमवर प्रेम करणारे लोक आजही फक्त त्या वाक्यासाठीच ती सिरीज आठवतात. उलट कर्बी या गेममधल्या गोलमटोल हिरोच्या 2001 च्या सिरीजचे 100 एपिसोड झाले आणि त्यात कर्बी जवळजवळ एकच आवाज काढतो, बोलायचं काम आजूबाजूचे करतात. अँग्री बर्ड्सची 2013 ची सिरीज तर संवादाशिवायच आहे, पावणेतीन-पावणेतीन मिनिटांचे एपिसोड, डबिंगचा प्रश्नच नाही. मी आधी पूर्ण एपिसोड हिरोच्या तोंडी एकही शब्द न देता बोर्ड करते, मग जिथे अगदी अडतं तिथेच संवाद घालते. वेळ जास्त लागतो, लागू दे.

गेमचं मॉडेल तसंच उचलणं

हे सगळ्यांना फुकटचं वाटतं, की थ्रीडी मॉडेल आहेच, ते हलवायचा सांगाडा म्हणजे रिग आहेच, चला सुरू करू. आमच्या खारीचंच सांगते. रनर गेम, म्हणजे कॅमेरा कायम पाठीमागे. शेपूट अप्रतिम केलेली, केसन्केस, पण मॉडेल समोरून फिरवलं तर डोळे दोन टोकांना आणि तोंड म्हणजे नुसती एक रंगवलेली रेघ, कारण गेममध्ये तिचा चेहरा कोणी बघतच नाही. त्या तोंडाला बोलायला लावायचं होतं, तेही हिंदीत, आणि नंतर मराठी-गुजराती डब. नवा चेहरा, नवा रिग, वर कंपनीची मंजुरी कारण त्यांच्या आयकॉनवरच्या खारीशी तो जुळायला हवा, यात तीन आठवडे गेले आणि ते कोणाच्याच बजेटमध्ये नव्हते. आता काम घ्यायच्या आधी मी कॅरेक्टरची समोरून, बाजूने, थोडं तिरकं वळलेलं आणि मागून अशी शीट आणि सहा भाव मागून घेते, रडणारा चेहरा नक्की. रडता येत नसेल तर ते कॅरेक्टर अजून टीव्हीसाठी तयार नाही.

फ्लॅश

इथे चूक झाली तर मुलांना इजा होते, म्हणून इथे मी कोणाचंच ऐकत नाही. गेममध्ये पॉवर मिळाली, स्फोट झाला की स्क्रीन लखलखते, आणि आर्टिस्ट तोच इफेक्ट सिरीजमध्ये आणतात. 16 डिसेंबर 1997 ला जपानात पोकेमॉनच्या एका एपिसोडमध्ये लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण 12 वेळा असा काही सेकंद चमकला आणि 685 जणांना, बहुतेक मुलांनाच, हॉस्पिटलात न्यावं लागलं, काहींना फिट आल्या. सिरीज चार महिने बंद होती. त्यानंतरचे नियम साधे आहेत, सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत, आणि गडद लाल रंगाच्या बाबतीत तर आणखी जपून. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम असतात, तेव्हा टाइमलाइनवर फ्रेम मोजा, अंदाजाने करू नका. चॅनल टेस्ट करेलच म्हणून सोडून देणारे मला भेटलेत, त्यांच्याबरोबर मी परत काम केलेलं नाही. मी स्फोट प्रकाशाऐवजी धुराने आणि आवाजाने दाखवते, मुलांना तो तितकाच मोठा वाटतो.

बाकीच्या, थोडक्यात

दर एपिसोडला बॉस फाइट, म्हणजे शेवटी मोठ्या खलनायकाशी मारामारी, नको, तिसऱ्या आठवड्याला मुलं शेवट आधीच सांगतात.

गेममधला तीन लाइफ हा नियम गोष्टीत आणू नका. हिरो मरून परत येतो हे एकदा दाखवलंत की पुढे कुठल्याच संकटाची भीती उरत नाही.

एक सूर ठरवा. सॉनिकच्या 1993 मध्ये एकाच वेळी दोन सिरीज आल्या, एक धमाल कॉमेडी 65 एपिसोडची, दुसरी गंभीर 26 एपिसोडची. वेगवेगळ्या होत्या म्हणून चाललं, तुम्ही दोन्ही एकाच स्क्रिप्टमध्ये कोंबू नका.

गेमची ऐंशी पानांची जुनी कहाणी पहिल्या एपिसोडमध्ये सांगू नका, ज्याने गेम खेळलाच नाही असं मूल डोळ्यासमोर ठेवा, टीव्हीसमोर बसणाऱ्यांत तीच मुलं जास्त असतात.

कॉइनचा आवाज पार्श्वभूमीला सतत ठेवू नका, आईवडील टीव्ही बंद करतात.

गेमच्या टीमला स्क्रिप्ट दाखवा, पण बदल सुचवायला एकच माणूस ठरवून घ्या, लेखी. आमच्याकडे चार जण होते आणि खारीचा रंग सहा वेळा बदलला.

आणि कच्चे आवाज लावल्याशिवाय ॲनिमॅटिक कोणाला दाखवू नका. मी वाड्यातल्याच मुलांचे आवाज फोनवर घेते, दुपारी, भाजीवाला येऊन गेल्यावर, कारण त्याच्या आरोळीने दोन टेक वाया गेलेत.