साभार पोच पुरेशी नाही

रविवारच्या पुरवणीत कोपऱ्यात ‘साभार पोच’ नावाचा एक चौकोन असतो. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, एवढंच. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी २१ वर्षं ग्रंथपाल आहे आणि तो चौकोन मी दर आठवड्याला कापून ठेवते. प्रकाशकाच्या जागी लेखकाचंच आडनाव दिसलं, किंवा ‘सौ.’ लावून त्याच्या घरातलं नाव दिसलं, की खाली पेनानं रेघ मारते. हे पुस्तक पदरमोड करून निघालेलं आहे. ते दुकानात येणार नाही आणि बहुतेक वेळा त्यावर कुणी चार ओळीही लिहिणार नाही. अशी पुस्तकं शोधायची कशी आणि त्यांच्यावर लिहायचं कसं, हे अनुभवातून जेवढं कळलं तेवढं सांगते.

शोधायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे गावातला डीटीपीवाला. ज्या संगणकावर लग्नपत्रिका आणि बिलबुकं होतात, त्याच संगणकावर निवृत्त शिक्षकांची आत्मकथनं, कुलवृत्तांत, नर्मदा परिक्रमेची वर्णनं आणि कवितासंग्रह जुळवले जातात. मी महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्याकडं डोकावते आणि विचारते, “दादा, सध्या कुणाचं काम चाललंय?” पुस्तक छापून यायच्या आधीच लेखकाची ओळख होते. कधीकधी छपाई थांबवून दोन चुका दुरुस्त करायलाही वेळ मिळतो.

साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मोठ्या प्रकाशकांचे गाळे संपले की लोक परत फिरतात. तुम्ही फिरू नका. शेवटच्या रांगेत एकच टेबल दोघांत वाटून घेतलेले लेखक उभे असतात. त्यांना ‘पुस्तक कशाबद्दल आहे’ असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. त्यापेक्षा ‘हे लिहायला का बसलात?’ असं विचारा. ज्याच्याकडं सांगायला काही आहे तो या प्रश्नावर आधी थोडा थांबतो. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवातही अशी टेबलं सापडतात. किंडलवर भाषा मराठी निवडून नव्यात नवं आधी लावलं, तर लेखकांनी स्वतः चढवलेली पुस्तकं दिसतात. सुरुवातीचा नमुना फुकट वाचता येतो, तेवढ्यावरून लेखकाच्या भाषेचा अंदाज येतो. आणि तुमच्या गावच्या ग्रंथपालाला विचारा की भेट आलेली, पण अजून दाखल न झालेली पुस्तकं बघायला मिळतील का. ती बहुतेक कपाटाच्या डोक्यावर असतात.

पुस्तक शक्यतो विकत घ्या. लेखक ‘सप्रेम भेट’ असं लिहून हातात ठेवतो, तेव्हा नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. पण पैसे दिले की आपण वाचक होतो, पाहुणे राहत नाही. भेट घेतलीच, तर परीक्षणात तसं लिहा.

आता वाचणं. आधी पहिल्या प्रकरणाकडं जा. शुभेच्छांची पानं, फोटो, मान्यवरांची प्रस्तावना हे सगळं नंतर. प्रस्तावना आधी वाचली की तिचेच शब्द आपल्या लेखणीत उतरतात. मनोगतही मी शेवटीच वाचते. श्रेयाचं पान मात्र नीट बघा. मुद्रितशोधन कुणी केलं, असं लिहिलंय का? नसेल तर पुस्तक लेखकाच्या हातून थेट छापखान्यात गेलंय, त्यावरून संपादकाची नजर फिरलेली नाही, असं धरून चाला. अशा पुस्तकाचे पहिले परके वाचक आपणच असतो, आणि म्हणून ते पेन्सिल घेऊन वाचायचं. मी वहीचं डावं पान लेखकासाठी ठेवते आणि उजवं वाचकांसाठी. छपाईच्या चुका डावीकडं, पान क्रमांकासह. उजवीकडं फक्त तेच, जे उद्या पुस्तक हातात घेणाऱ्याला कळायला हवं.

या दोन पानांत गल्लत का होऊ द्यायची नाही, ते एका पुस्तकावरून सांगते. डोंगरातल्या एका गावच्या निवृत्त गुरुजींनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला, ३०० प्रती काढल्या. दुसऱ्याच प्रकरणात वाक्य आलं, ‘किल्ल्याच्या तिन्ही बाजूंना खोल दर्या आहेत.’ सह्याद्रीत समुद्र! पुढं ‘दुसर्या’, ‘करणार्या’, ‘पायर्या’. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना प्रत्येक ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला होता. गुरुजींनी लिहिल्या होत्या दऱ्या. हे माझ्या वहीत डाव्या पानावर गेलं. ४३ जागा निघाल्या. ती यादी घेऊन मी त्यांच्याकडं गेले. परीक्षणात त्यावर एक अक्षर लिहिलं नाही, कारण ती चूक गुरुजींच्या लेखनातली नव्हती आणि पुढच्या छपाईत निघून जाणार होती.

पण त्याच पुस्तकात गावच्या मारुतीच्या देवळापाशी एक जुना शिलालेख असल्याचं लिहिलं होतं. तो नेमका कुठं आहे, कुणी वाचला, काहीच नाही. हे उजव्या पानावर गेलं. कुणी हे पुस्तक पुरावा म्हणून वापरलं तर? मी गुरुजींना विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ताई, जीर्णोद्धारात त्याच्यावर फरशी बसली. मी लहानपणी त्या अक्षरांवरनं बोट फिरवलंय.”

हे वाक्य पुस्तकात नव्हतं! मी त्यांना म्हटलं, गुरुजी, पुढच्या आवृत्तीत हेच लिहा, असंच्या असं. आणि परीक्षणात दोन्ही गोष्टी लिहिल्या: शिलालेखाला आज पाहता येईल असा आधार नाही, आणि तो पाहिलेला माणूस हयात आहे, त्याचं म्हणणं असं आहे. लेखकाला दुखवायचं नाही म्हणून अशी गोष्ट झाकली, तर त्याच्याच पुस्तकावरचा विश्वास कमी होतो. छपाईची चूक खासगीत, मजकुराची चूक उघड, पण उघड लिहिण्याआधी लेखकाला एकदा विचारायचं. एवढा नियम मी कधी मोडत नाही.

लिहिताना पहिल्या दोन वाक्यांत पुस्तक काय आहे आणि कुणाच्या कामाचं आहे, ते सांगून टाका. ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘हृदयस्पर्शी’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावे असे’ हे शब्द मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत, वापरायचे नाहीत म्हणून. त्यांच्या जागी पुस्तकातली एक जागा वाचकाला उघडून दाखवा. एसटीतल्या एका निवृत्त कंडक्टरचं आत्मकथन माझ्याकडं आलं होतं. निम्मं पुस्तक बदल्या आणि सत्कारांनी भरलेलं. पण मध्ये दीड पान आहे, तिकिटांच्या ट्रेचं. खच्चून भरलेल्या गाडीत, घाटात, एका हातानं ट्रे सावरत दुसऱ्या हातानं तिकीट ओढायचं आणि पंच मारायचा. वळण कुठलं आहे ते बाहेर न बघता गुडघ्यांना कळायचं. रात्री घरी झोपेतही अंगठा हलायचा, असं त्यांनी लिहिलंय. आता कंडक्टरच्या हातात मशीन असतं. त्या अंगठ्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही. माझं निम्मं परीक्षण त्या दीड पानावर होतं, आणि सत्कारांची प्रकरणं उडी मारून वाचली तरी चालतील, हेही त्यात स्पष्ट होतं. काकांना वाईट वाटलं. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला की ट्रेबद्दल आणखी बरंच आठवतंय, लिहू का?

कवितासंग्रहावर लिहिताना कवितांच्या संख्येबद्दल बोलू नका. ८० कवितांतल्या तीन जरी लागल्या, तरी त्या तीन कोणत्या आणि का, एवढं लिहिलंत की पुष्कळ झालं.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे पुस्तक मिळेल कुठं. दुकानात न मिळणाऱ्या पुस्तकाच्या परीक्षणात हे नसेल, तर वाचक हळहळण्यापलीकडं काय करणार? किंमत, पानं, टपालखर्च धरून किती पैसे, कुणाला पाठवायचे, हे लेखकाला विचारून शेवटी द्या. फोन नंबर त्याच्या परवानगीशिवाय छापू नका, विशेषतः लेखिका असेल तर.

परीक्षण छापून आलं की लेखकाशी आणखी एकदा बोला, कारण त्याला दोन गोष्टी सहसा कुणी सांगितलेल्या नसतात. एक, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्याकडं फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही देते. आमच्याकडच्या एका ताईंनी ओव्यांचं संकलन काढताना एका प्रकाशनाला ‘पॅकेज’चे पैसे मोजले, त्यात या नंबराचेही वेगळे लावले होते. वितरण करू म्हणाले होते, ते झालंच नाही. प्रती त्यांच्या माजघरात पडून होत्या. मुखपृष्ठाच्या आत गावाचं नाव चुकलं होतं, ते त्यांनी प्रत्येक प्रतीत निळ्या पेनानं बसून दुरुस्त केलं. माझ्या समोरच्या प्रतीतही ते निळं अक्षर आहे.

दुसरी गोष्ट १९५४ च्या कायद्याची. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रकाशकानं स्वखर्चानं त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरवलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. स्वतःचं पुस्तक स्वतः काढलं की लेखकच प्रकाशक, म्हणजे हे काम त्याचं. माजघरातल्या प्रतींना वाळवी लागली, तरी चार शहरांत पुस्तक राहतं. ओव्यांच्या ताईंना मी हे सांगितलं, तेव्हा मुदत उलटून गेली होती. तरी आम्ही वाचनालयाच्या टेबलावर बसून चार पाकिटं केली. पत्ते मी लिहिले. चारही प्रतींत गावाचं नाव दुरुस्त झालंय ना, हे त्यांनी पाकिटं चिकटवण्याआधी पुन्हा एकदा पाहून घेतलं.