वाफशापासून पेट्रीडिशपर्यंत: मातीतल्या जिवाणूंची मोजणी

एकाच शेताच्या दोन भागांची तुलना करायची आहे असे धरू. एका भागात दोन वर्षे शेणखत आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरेंचे आंबवलेले द्रावण), दुसऱ्यात फक्त रासायनिक खते. जिवाणू कुठे जास्त आहेत? माती पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ करून तिच्यातले जिवाणू पेट्रीडिशमध्ये (झाकणाच्या उथळ बशीत) वाढवण्याची जुनी पद्धत याचे बऱ्यापैकी उत्तर देते. कृषी किंवा विज्ञान महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत ती जमते. मात्र आकडा चुकतो तो बहुतेक वेळा पेट्रीडिशमध्ये नाही. तो त्याआधी, शेतात आणि माती हलवताना चुकतो. म्हणून त्या दोन टप्प्यांवर इथे जास्त भर आहे.

नमुना कधी घ्यायचा

जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी, असताना. उन्हाळ्यात तापलेल्या कोरड्या मातीवर वळीव पडला की काही तासांतच सूक्ष्मजीवांचा श्वसनवेग एकदम उसळतो आणि काही दिवसांत खाली येतो. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे सविस्तर मांडले, म्हणून त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. पहिल्या पावसाचा तो सुगंध, म्हणजे मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटाच्या जिवाणूंनी बनवलेला जिओस्मिन, कितीही हवाहवासा वाटला तरी त्या दिवशी नमुना घेऊ नका. एक भाग पावसाआधी आणि दुसरा पावसानंतर घेतला, तर मोजला जातो तो पाऊस, खत नव्हे.

जीवामृताबाबतही हेच. ते ओतल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यात द्रावणातले शेणाचे जिवाणूच मोजले जातात. मातीत खरोखर काय बदलले हे पाहायचे असेल तर निदान तीन आठवडे थांबा आणि दोन्ही भागांतले नमुने एकाच सकाळी घ्या.

नमुना कसा घ्यायचा

बांध, झाडाची सावली, खताचा उकिरडा आणि पाण्याचा पाट यांपासून दूर राहा. नागमोडी चालत प्रत्येक भागात १० ते १५ ठिकाणे निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारा, १५ सेंमी खोल व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती कापा. खुरपे दर वेळी पुसून ७० टक्के अल्कोहोलने निर्जंतुक करा आणि वाळू द्या. ओल्या अल्कोहोलसह ते मातीत घातले तर जिथे ते लागते तिथलेच जिवाणू मरतात.

सगळ्या चकत्या स्वच्छ घमेल्यात एकत्र करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. पिशवीचे तोंड घट्ट बांधू नका. मातीतले जीव श्वास घेत असतात आणि हवाबंद पिशवीत प्राणवायू संपला की जिवाणूंचे आपसातले प्रमाण बदलू लागते. बर्फाच्या डब्यात न्या, पण पिशवी बर्फाला टेकू देऊ नका. प्रयोगशाळेत ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि शक्यतो २४ तासांत काम सुरू करा.

काळी माती ओली असताना २ मिमी चाळणीतून जात नाही, तिचा गोळा होतो. अशा वेळी ती सावलीत, ढेकूळ बोटांनी फुटेल इतकीच सुकू द्या, किंवा ४ मिमी चाळणी वापरा. जे कराल ते दोन्ही भागांच्या मातीला सारखेच करा. उन्हात वाळवणे मात्र पूर्ण टाळा.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी: एकाच पिशवीतून केलेल्या तीन पेट्रीडिश म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यातून फक्त तुमचा हात किती स्थिर आहे ते कळते. खताचा परिणाम दाखवायचा असेल तर प्रत्येक खतपद्धतीचे किमान चार स्वतंत्र वाफे हवेत आणि प्रत्येक वाफ्याची वेगळी पिशवी हवी.

माती हलवणे आणि पातळ करणे

काळ्या मातीतली चिकणमाती फुगणारी असते. जिवाणू तिच्या कणांना चिकटलेले आणि बारीक ढेकळांच्या आत दडलेले असतात. नुसत्या पाण्यात बाटली चार वेळा हलवली तर ते बाहेर येत नाहीत आणि एका ढेकळावरच्या पन्नास जिवाणूंची मिळून पेट्रीडिशमध्ये एकच वसाहत (जिवाणू वाढून डोळ्यांना दिसणारा ठिपका) दिसते.

त्यासाठी लिटरमागे ८.५ ग्रॅम मीठ (शुद्ध सोडियम क्लोराइड) आणि १ ग्रॅम सोडियम पायरोफॉस्फेट असे निर्जंतुक द्रावण करा. पायरोफॉस्फेटमुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात. २५० मिलीच्या बाटलीत या द्रावणाचे ९० मिली, निर्जंतुक केलेले १५–२० काचेचे मणी आणि १० ग्रॅम माती घाला. शेकरवर मिनिटाला १५० फेऱ्यांच्या वेगाने ३० मिनिटे हलवा. नंतर वाळू बसण्यापुरते ३० सेकंद थांबा. हे ३० सेकंद घड्याळ लावून मोजा. एका बाटलीला अर्धे मिनिट आणि दुसरीला पाच मिनिटे मिळाली तर तुलना तिथेच संपली. ही बाटली म्हणजे १० पट पातळ माती. तिला क्रमांक १ द्या.

क्रमांक २ ते ५ या नळ्यांत प्रत्येकी ९ मिली निर्जंतुक मिठाचे पाणी घ्या. ते मोठ्या बाटलीत निर्जंतुक करून मग नळ्यांत मोजून भरणे चांगले, कारण नळ्या भरून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) ठेवल्या तर थोडे पाणी उडते आणि दर पायरीची चूक पुढच्या पायरीत गुणली जाते. बाटलीच्या मध्यातून १ मिली घेऊन नळी २ मध्ये घाला, १० सेकंद घुसळा, तिच्यातून १ मिली नळी ३ मध्ये, असे ५ पर्यंत जा. म्हणजे नळी ४ मध्ये माती १०,००० पट पातळ झाली. दर पायरीला पिपेटचे टोक नवे घ्या. जुन्या टोकाच्या आत चिकटलेले जिवाणू पुढे जातात आणि आकडा फुगतो. पहिल्या बाटलीतून घेताना टोक मातीने तुंबते, म्हणून ते निर्जंतुक कात्रीने थोडे कापून रुंद करा.

माध्यम आणि पेट्रीडिश

जिवाणूंसाठी न्यूट्रिएंट आगर (पोषक द्रव्ये आणि ती गोठवणारे आगर यांचे तयार माध्यम) चालते, पण त्याची पूड नेहमीच्या एक दशांश घेऊन लिटरमागे एकूण १५ ग्रॅम आगर राहील इतके वेगळे आगर घातले तर मातीतल्या संथ वाढणाऱ्या जिवाणूंना जास्त वाव मिळतो. मातीत अन्न तुटपुंजे असते. भरपेट माध्यमात चार-दोन घाईखोर जाती सगळी जागा बळकावतात. बुरशीसाठी मार्टिनचे रोझ बेंगॉल आगर: लिटरमागे डेक्स्ट्रोज १० ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, रोझ बेंगॉल ०.०३३ ग्रॅम, आगर १५ ग्रॅम. स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारे प्रतिजैविक ३० मिलिग्रॅम, माध्यम ४५ अंशांपर्यंत निवल्यावरच घाला, गरम माध्यमात ते निकामी होते. या पेट्रीडिश अंधारात ठेवा, कारण रोझ बेंगॉलवर उजेड पडला की ते बुरशीलाही मारक ठरते.

माध्यम १२१ अंशांवर १५ मिनिटे निर्जंतुक करा आणि प्रत्येक पेट्रीडिशमध्ये सुमारे २० मिली ओता. गोठल्यावर रात्रभर उलट्या ठेवून पृष्ठभाग कोरडा होऊ द्या. ही पायरी बरेच जण गाळतात. ओलसर आगरावर बॅसिलस मायकॉइड्ससारखे जिवाणू मुळांसारख्या फांद्या पसरत अख्खी पेट्रीडिश व्यापतात आणि मोजायला काही उरत नाही.

जिवाणूंसाठी नळी ३, ४, ५ मधून आणि बुरशीसाठी बाटली १ व नळी २, ३ मधून प्रत्येकी ०.१ मिली घेऊन काचेच्या वाकवलेल्या कांडीने पसरवा. प्रत्येक पातळीच्या तीन पेट्रीडिश करा. शिवाय एकावर नुसते मिठाचे पाणी पसरवा. तिच्यात वसाहती उगवल्या तर त्या दिवसाचे काम बाद. पेट्रीडिश उलट्या ठेवून २८ ते ३० अंशांवर जिवाणू तीन दिवस आणि बुरशी पाच दिवस वाढवा.

हिशेब

जिवाणूंच्या ३० ते ३०० वसाहती असलेल्याच पेट्रीडिश धरा. समजा, नळी ४ च्या तीन पेट्रीडिशमध्ये ७७, ८४ आणि ९१ वसाहती आल्या. सरासरी ८४. तिला १०,००० ने गुणा आणि ०.१ ने भागा: ८४ लाख. ०.१ ने भागायचे राहून जाणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. त्याने आकडा दहापट कमी येतो. आता त्याच मातीचे १० ग्रॅम १०५ अंशांवर २४ तास वाळवा. वजन ८ ग्रॅम भरले, तर ८४ लाखांना ०.८ ने भागा. उत्तर: कोरड्या मातीच्या एका ग्रॅममध्ये १ कोटी ५ लाख. हे न करता ओली काळी माती आणि कोरडी मुरमाड माती शेजारी ठेवू नका. तुलना करताना आकड्यांचे लॉग (लॉगॅरिथम) घेऊन मग सरासरी काढा.

हा आकडा ‘मातीत इतके जिवाणू आहेत’ असे सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींपैकी साधारण १ टक्काच अशा माध्यमावर वाढतात. स्टेली आणि कोनोप्का या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये या तफावतीला ‘ग्रेट प्लेट काउंट ॲनोमली’ असे नाव दिले. मायकोरायझा, म्हणजे पिकाच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, इथे दिसणार नाही. बुरशीचा आकडा तर आणखी जपून वाचा: भरपूर बीजाणू देणारी पेनिसिलियम शेकडो वसाहती करते, तर मातीत दूरवर पसरलेल्या तंतूंची एकही वसाहत उगवत नाही असे होऊ शकते.

संपूर्ण समुदाय पाहायचा असेल तर मातीतून डीएनए काढून १६ एस या जिवाणू ओळखायच्या जनुकाचा क्रम वाचून घ्यावा लागतो. त्यासाठीची माती पेट्रीडिशसाठीच्या पिशवीतून नंतर काढू नका. शेतातून आल्याबरोबर ५ ग्रॅम वेगळी काढून उणे ८० अंशांना, ते नसेल तर उणे २० अंशांना गोठवा. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीतून डीएनएबरोबर ह्युमिक आम्ले येतात आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतात. काढलेला डीएनए पिवळसर तपकिरी दिसला तर दहापट पातळ करून पुन्हा पाहा. माती न घालता केलेला एक कोरा नमुनाही शेवटपर्यंत सोबत चालवा, नाहीतर रसायनांतूनच आलेले जिवाणू मातीच्या नावावर लागतात.

मोजून झालेल्या पेट्रीडिशचे झाकण उघडून वास घेऊ नका, त्यात ॲस्परजिलस फ्युमिगॅटससारखी फुप्फुसांना घातक बुरशी असू शकते. त्या १२१ अंशांवर ३० मिनिटे निर्जंतुक करूनच टाका.