जुन्या लेन्सचा सिरीयल नंबर शोधण्याआधी: तयारीची यादी

लेन्सला हात लावण्याआधी टेबल रिकामं करा. त्यावर धागे न सुटणारं जाड सुती फडकं अंथरा आणि त्याच्या कडा थोड्या वर दुमडा. लेन्स गोल असते, सहज घरंगळते. पडली तर बऱ्याचदा पुढच्या कडेवर आपटते, आणि नंबर असण्याची शक्यता सर्वांत जास्त तिथेच असते. लेन्स उलटी-सुलटी ठेवावी लागणार, म्हणून दुसऱ्या फडक्याची चुंबळ करून बाजूला ठेवा. काही लेन्सची मागची काच माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या मागच्या कड्याच्या) बरीच बाहेर आलेली असते. सोव्हिएत ज्युपिटर-१२ ही ३५ मिमीची लेन्स त्यातलीच. ती टेबलावर सरळ उभी केली तर सगळं वजन काचेवर येतं. चुंबळीत मात्र ती निर्धास्त बसते.

सामान थोडंच लागतं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं १० पट भिंग, एका दिशेने झोत टाकणारा छोटा टॉर्च, रबरी ब्लोअर, कधीच न वापरलेला मऊ ब्रश, मायक्रोफायबरचं कापड, कापसाच्या काड्या, ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, काळ्या कार्डशीटचा तुकडा, वही आणि शिसपेन्सिल. फोन किती जवळून फोकस होतो ते आधी एखाद्या नाण्यावर पाहून घ्या. ॲसिटोन आणि थिनर टेबलावर आणूच नका, रंग आणि प्लास्टिक दोन्ही खातात. तोंडाने फुंकर मारणंही टाळा, कारण थुंकीचे बारीक शिंतोडे कोटिंगवर, म्हणजे काचेवरच्या पातळ थरावर, बसून डाग पाडतात.

आता कुठे पाहायचं. जुन्या लेन्सची ओळख बहुधा पुढच्या काचेभोवतीच्या नावाच्या रिंगवर कोरलेली असते: कंपनी, लेन्सचं नाव, १:२.८ सारखं सर्वांत मोठं ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र), मिमीमधली फोकल लेंग्थ आणि नंबर. जर्मन लेन्सवर नंबराआधी ‘एनआर’, जपानी लेन्सवर बऱ्याचदा ‘एनओ’, तर सोव्हिएत लेन्सवर मोठ्या एनला चिकटलेला छोटा ओ दिसतो. बऱ्याच लेन्सवर, उदाहरणार्थ ताकुमार किंवा ऑलिम्पस झुइकोवर, असं काहीच नसतं, अंकच थेट येतात. रिंगवर नंबर सापडला नाही तर लेन्स हळूहळू पूर्ण फिरवत बॅरल, म्हणजे बाहेरची नळी, पाहा. ॲपर्चर रिंग आणि माउंट यांच्यामधली पट्टी, डेप्थ ऑफ फील्डच्या (कुठपासून कुठपर्यंतचं स्पष्ट दिसेल त्याच्या) खुणांची मागची बाजू, माउंटची धातूची कडा आणि लांब टेलीवर ट्रायपॉड कॉलरखालचा भाग, या क्रमाने गेलात तर काही सुटत नाही. सरकता हूड असेल तर तो पुढे ओढा, नंबर त्याच्याखाली असू शकतो. झूम पूर्ण लांब करा, फोकस सर्वांत जवळच्या अंतरावर आणा, आत सरकणारी नळी असेल तर बाहेर ओढा. पितळी लेन्सवर नंबर नळीच्या अंगावर, निर्मात्याच्या नावाजवळ असतो. तिथे लाकडी बोर्डात बसणारी फ्लँजही (धातूचं कडं) तपासा. काही जुन्या लेन्समध्ये काचेच्या कडेवर पेन्सिलने लिहिलेले अंक सापडतात, पण तेवढ्यासाठी लेन्स खोलू नका.

फिल्टर लावलेला असेल तर आधी काढावा लागेल, कारण त्याची जाड कडा नावाची रिंग अर्धी झाकते. घट्ट बसलेला फिल्टर काढताना बहुतेक चूक पकडण्यात होते. दोन बोटांनी समोरासमोर दाबलं की पातळ रिंग लंबगोल होते आणि आटे जास्तच आवळतात. फिल्टरच्या कडेभोवती रुंद रबर बँड गुंडाळा, पूर्ण तळवा सपाट टेकवा आणि कडेवर सगळीकडून सारखा जोर देत फिरवा. कडा चेपलेली असेल तर जबरदस्ती नको. अशी कडा सरळ करायला दुरुस्तीवाल्यांकडे लेन्स व्हाइस असतो.

नंबर दिसला की पहिली गोष्ट पुसणं नव्हे, फोटो काढणं. जसा आहे तसा, धुळीसकट. नंतर काही बिघडलं तरी मूळ स्थिती हाताशी राहते. टॉर्च समोरून धरला तर काळ्या रिंगवर नुसती चमक दिसते. तो पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, साधारण १५ ते ३० अंशांच्या कोनात धरा. कोरलेल्या अंकांच्या एका काठावर प्रकाश पडतो, दुसऱ्या काठावर सावली, आणि भरलेला पांढरा रंग उडून गेला असला तरी आकडा उठून दिसतो. पुढच्या काचेतली प्रतिबिंबं त्रास देत असतील तर काळी कार्डशीट लेन्ससमोर तिरकी धरा. टॉर्च एकाच जागी ठेवून लेन्स प्रत्येक वेळी पाव फेरा फिरवा आणि फोटो घ्या, असे चार फोटो. एका कोनातून ३ वाटलेला अंक दुसऱ्या कोनातून ८ निघतो तो असाच.

पुसायचं असेल तर अंक कोरलेले आहेत की छापलेले, हे आधी ठरवा. भिंगातून तिरप्या उजेडात कोरलेल्या रेषेला खोली आणि सावली दिसते. छापलेला अंक सपाट असतो, पृष्ठभागावर रंगाचा पातळ थर बसल्यासारखा. छापलेल्या नंबरला अल्कोहोल लावू नका, तो निघून जाऊ शकतो. तिथे कोरडा ब्रश आणि मायक्रोफायबर एवढंच. कोरलेल्या नंबरवरची चिकट घाण काढायची तर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून कागदावर टिपा, इतकी की दाबल्यावर थेंब येणार नाही. मग अंकांच्या दिशेने हलकेच फिरवा. रिंग आणि काच यांच्यात बारीक फट असते. काडी ओली असली तर द्रव त्या फटीतून आत ओढला जातो आणि काचेच्या कडेचा काळा रंग किंवा आतलं ग्रीस सुटून डाग पडतो. काडीवर पांढरा रंग उतरताना दिसला की तिथेच थांबा. उडालेला रंग नव्याने भरायचा मोह होतो, पण नोंद आणि फोटो पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नका. पितळी नळीवरचा झिजलेला नंबर वाचायला पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासणं ही जुनी युक्ती चांगली चालते. पुढच्या रिंगवर मात्र ती करू नका, ग्रॅफाइटची पूड थेट काचेवर जाते.

चुकीचा आकडा नंबर म्हणून लिहिला जाणं ही सर्वांत नेहमीची गडबड आहे. वर्तुळावर तिरकी रेघ आणि पुढे ५२ किंवा ५८ असेल तर तो फिल्टरचा व्यास. ‘पेटंट’ किंवा ‘डीबीपी’ (जर्मन पेटंटची खूण) या अक्षरांजवळचा आकडा पेटंटचा किंवा त्याच्या खुणेचा. हेलिऑस-४४-२ मधला ४४-२ हे मॉडेलचं नाव. लाइट्झच्या (लायका बनवणारी जर्मन कंपनी) जुन्या ५० मिमी लेन्सवर अनंताच्या खुणेपाशी दोन बारीक अंक असतात. ते प्रत्यक्ष फोकल लेंग्थ सांगतात, म्हणजे १९ असेल तर ५१.९ मिमी. कॅननच्या एफडी लेन्सच्या मागच्या बाजूला अक्षरं आणि अंक मिळून बनलेला एक छोटा कोड छापलेला असतो. तो कारखाना आणि तारखेचा कोड आहे: यू म्हणजे उत्सुनोमिया, एफ म्हणजे फुकुशिमा, ओ म्हणजे ओइता. वर्षाचं अक्षर १९६० च्या ए पासून सुरू होऊन १९८५ ला झेडवर पोचतं आणि १९८६ ला पुन्हा ए होतं. लेन्सचं वय ठरवायला हा कोड फार उपयोगी, पण एकाच महिन्यात बनलेल्या कित्येक लेन्सवर तोच असू शकतो. विम्याच्या किंवा चोरीच्या कागदावर तो सिरीयल नंबर म्हणून लिहिला तर कागदाचा काही उपयोग नाही.

लार्ज फॉरमॅट आणि फोल्डिंग कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये आणखी एक फसगत होते. कॉम्पूरसारख्या शटरच्या कडेवर शटरचा स्वतःचा नंबर असतो, आणि लेन्सचा नंबर काचेभोवतीच्या रिंगवर वेगळा. शटर बदलून जुनी काच नव्या शटरमध्ये बसवणं हे नेहमीचंच काम आहे, म्हणून दोन्ही नंबर लिहा आणि कुठला कशाचा ते शेजारी नोंदवा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही सेलवर (शटरच्या दोन बाजूंना बसणाऱ्या काचांच्या गटांवर) नंबर असतील तर ते जुळतात का तेही पाहा. जुळत नसतील तर दोन वेगळ्या लेन्सचे अर्धे एकत्र आलेले असू शकतात, आणि तसं असेल तर शार्पनेसमध्ये ते दिसतं.

नंबरावरून वर्ष काढायचं असेल तर कुठल्या कंपनीचा कुठला नियम, हे आधी हाताशी हवं. कोडॅकच्या एक्टार लेन्सवर नंबराआधी दोन अक्षरं असतात. ती ‘कॅमेरोसिटी’ या शब्दातून येतात: सी १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. म्हणजे ‘ईओ’ असेल तर ४६, लेन्स १९४६ ची. हॅसलब्लाडची ‘व्हीएचपिक्चर्स’ ही पद्धत याच धर्तीची आहे, पण ती कॅमेऱ्याच्या बॉडीसाठी आणि मॅगझिनसाठी (फिल्मच्या डब्यासाठी). झाइसच्या लेन्सच्या नंबराला ती लावू नका. सोव्हिएत लेन्सच्या सात किंवा जास्त अंकी नंबरातले पहिले दोन अंक बहुतेक वेळा वर्षाचे असतात. ७६ ने सुरू होणारी हेलिऑस बहुधा १९७६ ची. पहिले दोन अंक २३ सारखे निघाले किंवा नंबर सहाच अंकी असला तर हा नियम तिथे लागू नाही. ओढूनताणून वर्ष काढू नका. विविटारच्या १९७० च्या दशकापासूनच्या बऱ्याच लेन्समध्ये सुरुवातीचे अंक खऱ्या निर्मात्याचे असतात: २२ किनो, २८ कोमिने, ३७ तोकिना. तिसरा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, चौथा-पाचवा आठवडा. २२७१५ ने सुरुवात असेल तर किनो, सातने संपणारं वर्ष, १५वा आठवडा. चौथा-पाचवा अंक मिळून ६८ होत असेल तर वाचनात चूक आहे किंवा ही पद्धत त्या लेन्सची नाही. दशक मात्र नंबर सांगत नाही. ते माउंट, कोटिंगचा रंग आणि रिंगवरची लिखाणाची शैली यांवरून ठरवावं लागतं.

नंबराभोवतीचं लिखाण पूर्ण उतरवून घ्यायचं कारण हेच. जर्मनीतल्या येना शहरात बनलेल्या झाइसच्या लेन्सवर ‘कार्ल झाइस येना’ लिहिलं आहे की नुसतं ‘आउस येना’ (येनाहून), लाल ‘टी’ (कोटिंगची खूण) आहे की नाही, यावरून ती कुठल्या काळातली आणि कुठल्या बाजारासाठीची ते कळतं. युद्धानंतर झाइस नावाच्या हक्कावरून पूर्व आणि पश्चिमेत वाद झाला आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या लेन्सवरचं नाव बदलावं लागलं. कोरा नंबर यातलं काहीच सांगू शकत नाही.

विकत घेण्याआधी तपासत असाल तर नंबर आणि लेन्स एकमेकांचे आहेत का हे पाहायला वेळ ठेवा. पुढची रिंग बऱ्याच लेन्समध्ये आट्यांनी उघडते, म्हणून ती दुसऱ्या लेन्सवरून आणून बसवणं अवघड नाही. रिंगवरची फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर बॅरलवरच्या आकड्यांशी जुळायला हवेत. रिंगच्या खाचांभोवती ताजे चमकदार ओरखडे असतील तर ती उघडली गेली आहे, आणि कशासाठी ते विचारा. अंकांखालची जागा आजूबाजूपेक्षा निस्तेज किंवा खोलगट दिसली तर नंबर घासून काढला असण्याची शक्यता आहे. अशी लेन्स घेऊ नका. सोव्हिएत लेन्सवर लाइट्झ किंवा झाइसचं नाव कोरून विकण्याचा उद्योग जुना आहे. लाइट्झच्या ५० मिमी एफ ३.५ एल्मारची शंका आली तर ॲपर्चर बंद करून पाहा. अस्सल एल्मारमध्ये ॲपर्चरची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे असतात, तर सोव्हिएत फेड आणि इंडस्टारमध्ये दुसऱ्या काचेच्या मागे, जास्त खोलवर. नाव आणि नंबर नव्याने कोरता येतात, पण पात्यांची जागा कोरून बदलत नाही.

नोंद करताना अंक जसे आहेत तसेच लिहा. सुरुवातीची शून्यं गाळू नका, मधली जागा असेल तर ठेवा, आधीची अक्षरं सोडू नका. स्प्रेडशीटमध्ये टाकत असाल तर तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं आपोआप गायब होतात. १ आणि ७, ३ आणि ८, ० आणि ६, ५ आणि ६ या जोड्या भिंगाखाली पुन्हा पाहा. जर्मन कोरीवकामातल्या १ ला वर लांब शेपटी असते, तो पटकन ७ वाटतो. एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, एकेक अंक मोठ्याने वाचा. उलट्या क्रमाने वाचताना डोळे अंदाजाने पुढे धावत नाहीत. फोटोच्या एक्झिफ माहितीवर (कॅमेरा फोटोत आपोआप करतो त्या नोंदीवर) भरवसा ठेवू नका, कारण मॅन्युअल लेन्स कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही.

नंबराबरोबर लेन्सचं पूर्ण नाव, माउंट, नंबर नेमका कुठे आहे, वाचल्याची तारीख आणि ओळखता येईल अशी एखादी खूण लिहा: कडेवरची चीर, रिंगवरचा ओरखडा, काचेतला बुडबुडा. नंबर घासला गेला तरी या खुणांवरून लेन्स ओळखता येते. फोटोंची एक प्रत लेन्सच्या बॅगेत न ठेवता दुसरीकडे ठेवा, म्हणजे बॅग गेली तरी नोंद राहते. विक्रीसाठी फोटो टाकताना शेवटचे दोन-तीन अंक झाका आणि पूर्ण नंबर खऱ्या खरेदीदाराला विचारल्यावर द्या. शेवटी ब्लोअरने दोन्ही काचांवरची धूळ उडवा, पुढची आणि मागची दोन्ही झाकणं लावा, आणि कापसाच्या काड्यांचा एखादा धागा माउंटच्या खाचेत अडकलेला नाही ना ते भिंगातून पाहून मगच लेन्स परत ठेवा.