लिनक्सवर प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना रेंगाळतो? आधी घड्याळ लावा

सकाळी लॅपटॉप चालू केला, लिबरऑफिस रायटरवर क्लिक केलं आणि अर्धा कप चहा संपला तरी पडद्यावर काहीच नाही. तोच प्रोग्राम बंद करून लगेच पुन्हा उघडला तर चुटकीसरशी समोर हजर. दुखणं कुठे आहे ते या फरकातूनच कळतं.

डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली लिनक्स रिकाम्या रॅममध्ये तशाच ठेवून देतं. याला पेज कॅश म्हणतात. टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' ही कमांड द्या, 'बफ/कॅश' या रकान्यात तो साठा दिसेल. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप रोमनमध्येच करायच्या.) हा आकडा मोठा दिसला की कॅश रिकामा करायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. तोच साठा तर आपल्याला हवा आहे.

सुरुवात मोजणीने करा. मशीन रीस्टार्ट करून दोन मिनिटं शांत होऊ द्या. मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून प्रोग्राम उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. दुसरा आकडा बराच कमी आला तर बहुधा डिस्कच कारणीभूत आहे.

आता डिस्क कोणती ते बघा: 'एलएसबीएलके -डी -ओ नेम,रोटा'. आतल्या डिस्कसमोर 1 आला तर ती फिरणारी हार्ड डिस्क, 0 आला तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क. 5400 आरपीएमच्या (मिनिटाला 5400 फेऱ्या घेणाऱ्या) डिस्कला एका फेरीला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात, त्यात हेड सरकण्याचा वेळ वेगळा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला शंभरसुद्धा वाचू शकत नाही, आणि मोठा प्रोग्राम उघडताना शेकडो लहानमोठ्या फाइली लागतात. खरं सांगायचं तर इथे एसएसडी बसवण्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. बाकीचं सगळं मलमपट्टी.

पण मलमपट्टीही कामाची असते. 'व्हीएमटच' नावाचं छोटं टूल डेबियन आणि उबुंटूच्या सॉफ्टवेअर-भांडारात मिळतं. ते बसवा आणि रीस्टार्टनंतर रायटर न उघडताच 'व्हीएमटच /यूएसआर/लिब/लिबरऑफिस/प्रोग्राम' द्या. 'रेसिडेंट पेजेस'च्या ओळीत त्या फोल्डरचा किती टक्के भाग रॅममध्ये आहे ते दिसतं. आता तीच कमांड मध्ये '-टी' घालून द्या: फाइली वाचल्या जातात आणि टक्के शंभरावर पोचतात. मग रायटर उघडून पुन्हा वेळ मोजा. फरक पडला तर डेस्कटॉपच्या 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये ही कमांड टाका, पण 'एसएच -सी "स्लीप 60; व्हीएमटच -टी /यूएसआर/लिब/लिबरऑफिस/प्रोग्राम"' अशा रूपात, म्हणजे ती साठ सेकंद थांबून चालेल; नाहीतर लॉगिनच्या गर्दीत ही कमांडच डिस्क अडवून बसेल. '-एल' हा पर्याय मात्र कमी रॅमवर टाळा, तो त्या फाइली रॅममध्ये कुलूपबंद करतो. आणि 4 जीबी रॅमवर ब्राउझरचे तीस टॅब उघडे असतील तर कॅश टिकणारच नाही. आधी टॅब आवरा.

एसएसडी असूनही ब्राउझर रेंगाळत असेल तर 'स्नॅप लिस्ट' देऊन तो त्या यादीत आहे का बघा. स्नॅप म्हणजे प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून द्यायचा उबुंटूचा प्रकार. त्यातल्या फाइली दाबून भरलेल्या असतात, वाचताना त्या उलगडाव्या लागतात. उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच येतो. मोझिलाने 2024 च्या सुरुवातीपासून स्वतःच्या भांडारात त्याचं डेब (डेबियन-उबुंटूचं नेहमीचं) पॅकेज ठेवलं आहे. ते बसवून पुन्हा वेळ मोजा.

एक प्रकार मात्र भलताच फसवा. लॉगिननंतरचा पहिला प्रोग्राम, अगदी कॅल्क्युलेटरसारखा चिमुकला असला तरी, सुमारे 25 सेकंद घेतो. इथे डिस्कला दोष देऊ नका. एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याला पोचवणाऱ्या डी-बसवर उत्तराची वाट बघायची ठरलेली मुदतच साधारण 25 सेकंदांची असते. कुठली तरी सेवा, बऱ्याचदा एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल (प्रोग्रामना फाइल निवडण्यासारख्या डेस्कटॉपच्या सोयी पुरवणारी), उत्तर देत नाही आणि बिचारा प्रोग्राम ताटकळतो. 'जर्नलसीटीएल --यूजर -बी' देऊन दिसणाऱ्या नोंदींत त्या वेळेच्या आसपास 'टाइम्ड आउट' शोधा. ज्या पोर्टलचं नाव त्या ओळीत असेल ते तुमच्या डेस्कटॉपचं नसेल, म्हणजे केडीई डेस्कटॉप वापरताना तिथे ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं पोर्टल अडकलेलं दिसलं, तर ते पॅकेज काढा, आपल्या डेस्कटॉपचं बसवा आणि लॉगआउट करून पुन्हा आत या.