बेसबॉलच्या सह्या, कार्डं आणि चेंडूवरचा शिक्का

बेसबॉलच्या जुन्या वस्तू घेऊन विकायच्या आहेत असं म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे कुठलं तरी खोकं असतंच. शेजाऱ्याने घर सोडताना दिलेलं, नाहीतर गराज सेलमध्ये उचललेलं. आत ढिगाने कार्डं, खेळाडूंचे फोटो छापलेली. आधी साल बघा. १९८७ ते १९९२च्या दरम्यानची असली तर हुरळून जाऊ नका. त्या काळात कंपन्यांनी इतकी बेसुमार छपाई केली की आज ती रद्दीच्या भावातही खपत नाहीत. इकडे अमेरिकेत त्यांना ‘जंक वॅक्स’च म्हणतात. १९८९चं, अपर डेक कंपनीचं, केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं कार्ड निघालं आणि कोपरे धारदार असले तर बाजूला काढा. बाकीची मुलांना खेळायला द्या.

२०२२ मध्ये मिकी मँटल या जुन्या खेळाडूचं, टॉप्स कंपनीचं १९५२चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. २०२४ मध्ये दिग्गज खेळाडू बेब रूथची १९३२च्या वर्ल्ड सिरीजमधली (हंगामाच्या अंतिम लढतीतली) जर्सी २ कोटी ४१ लाखांना. हे आकडे वाचून यात पडणार असाल तर पडूच नका. न्यू जर्सीत नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी कार्ड शोमध्ये टेबल लावणाऱ्या माझ्यासारख्याचा धंदा चाळीसला घेऊन पासष्टला विकण्याचा आहे, आणि त्या पंचविसातलेही सगळे खिशात येत नाहीत.

आता सही केलेल्या चेंडूंकडे येतो. इथे जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण माझे पैसे इथेच बुडाले.

चेंडू होता रोबेर्टो क्लेमेंटेच्या सहीचा. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा खेळाडू ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला, त्यामुळे त्याच्या सह्यांना मोल आहे. सोबत सोनेरी कडेचं सर्टिफिकेट. आपल्याकडून आलेल्यांची एक खोड असते: सही-शिक्क्याचा कागद दिसला की अर्धी शंका तिथेच मिटते. कचेऱ्यांमधून मोठे झालो आपण. आणि मी काही अगदीच डोळे झाकून घेतलं नव्हतं. इथल्या मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग आहेत, पायरेट्स नॅशनलमधले. २०००च्या आधीच्या अधिकृत चेंडूवर त्या-त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही असते, हे मला ठाऊक होतं. या चेंडूवर नॅशनल लीगचे चब फीनी होते. फीनी १९७०ला अध्यक्ष झाले, क्लेमेंटे १९७२पर्यंत खेळला. हिशेब जुळला.

पण फीनी १९८६पर्यंत अध्यक्ष होते, आणि खरी मेख चेंडू कुणी बनवला यात होती. १९७६पर्यंत नॅशनल लीगच्या चेंडूंवर स्पाल्डिंगचं नाव असायचं. रॉलिंग्जचं नाव आलं १९७७पासून. माझ्या चेंडूवर रॉलिंग्ज. म्हणजे क्लेमेंटे गेल्यावर चार वर्षांहून जास्त काळाने तयार झालेल्या चेंडूवर त्याची सही! छापील अक्षरं डोळ्यांसमोर होती, मी त्यातली निम्मीच वाचली. म्हणून चेंडू हातात घेतलात की अध्यक्षाचं नाव आणि कंपनीचं नाव, दोन्ही वाचा. अमेरिकन लीगचंही तसंच. तिथे विल हॅरिज १९३१ ते १९५९, त्यांच्यानंतर जो क्रोनिन १९७३पर्यंत. बेब रूथ १९४८ला गेला, तेव्हा क्रोनिनच्या चेंडूवर रूथची सही दिसली तर हसून पुढच्या टेबलाकडे वळा. शार्पी मार्कर पेनाने केलेली रूथची सही विकायला ठेवणारे महाभागही भेटतील. ते पेन बाजारात आलं १९६४ला.

चेंडूवरचा हा छापील शिक्का जुळला म्हणून सही खरी, असं मात्र नाही. नकली सह्या करणारे त्या काळचे कोरे चेंडू शोधून आणतात. शिक्का खोटं पकडून देतो, खऱ्याची हमी देत नाही.

आणि सर्टिफिकेट? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये नकली सह्यांची टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा सापडले. कागद त्यांच्याकडेही होते. विकणाऱ्यानेच दिलेल्या कागदाची किंमत शून्य धरा. पीएसए, जेएसए, बेकेट यांच्यासारख्या, सह्या तपासून देणाऱ्या त्रयस्थ कंपनीचा दाखला बाजारात चालतो. पण तोही वेदवाक्य नव्हे. पीएसएने ग्रेड केलेलं, म्हणजे तपासून दर्जा ठरवलेलं, पहिलंच कार्ड होनस वॅगनर या खेळाडूचं, आणि त्याच्या कडा आपण कापल्या होत्या हे ते विकणाऱ्या बिल मास्त्रोने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं.

घाबरू नका. सुरुवातीला सोपी वाट आहे: २००१पासून मेजर लीग बेसबॉल स्वतःच मैदानात माणूस बसवून वस्तूंवर होलोग्राम लावतं. ही माणसं आजी-माजी पोलीस असतात. होलोग्रामवरचा नंबर लीगच्या साइटवर टाकला की ती वस्तू कसली, कुठल्या सामन्यातली, ते कळतं. होम रनचा चेंडू परवडणार नाही, पण बॅटला न लागता जमिनीवर आपटलेला, मातीचा डाग पडलेला परवडतो. तसे दोन-चार घ्या, विकून बघा.

गुरू करायचाच असेल तर ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही असा करा. व्हिडिओवर कार्डांची बंद पाकिटं फोडून त्यातले वाटे, म्हणजे ‘ब्रेक’, विकणाऱ्यांना मी गुरू मानत नाही, तो मटका आहे. शोमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला एखादा खडूस म्हातारा विक्रेता, जो तुमचा चेंडू भिंगाखाली धरून “नाही” एवढंच म्हणतो, त्याच्याजवळ बसा. पहिल्यांदा हाकलेल. पुन्हा जा.

भाव बघताना मागितलेला नव्हे, विकला गेलेला बघा. ईबेवर ‘सोल्ड’चा फिल्टर असतो. त्यांचं कमिशन सुमारे तेरा टक्के, वर पॅकिंग आणि टपाल. लिलावगृहात खरेदीदाराकडून वरचे वीसेक टक्के घेतात, त्यामुळे तो बोली तेवढी कमीच लावतो. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या वस्तूंच्या नफ्यावर फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा खरेदीच्या पावत्या जपा. चेंडू विकायला टाकाल तेव्हा सहीच्या फोटोबरोबर शिक्क्याचा आणि कंपनीच्या नावाचा फोटोही टाका, नीट उजेडात. जाणकार गिऱ्हाईक तो आधी मागतं, आणि न मागता मिळाला तर घासाघीस कमी करतं.